गद्रेबाई आणि चंद्राचं झाकण

गद्रेबाई प्रेमळ होत्या असं कुणी म्हणालं की मी ओळखते, या माणसाने गद्रेबाई पाहिलेल्या नाहीत. त्या गेल्याचं कळलं तेव्हा लखनौच्या आमच्या मराठी मंडळाने शोकसभा ठेवली होती. एकेक जण उठून सांगत होता, बाई म्हणजे मायेचा सागर, बाई म्हणजे सगळ्यांची आई. मी मागच्या खुर्चीत बसून दातओठ खात होते. अहो, यातल्या निम्म्या लोकांना बाईंनी हयातभर फैलावर घेतलं होतं, आणि उरलेले त्यांना बघून रस्ता बदलायचे. पण माणूस गेला की त्याचे कोपरे घासून गुळगुळीत करायची आपल्याकडे भारी हौस. माझं डोकं तापलं, आणि घरी आल्यावर मी हे लिहायला बसले.

डॉ. शकुंतला गद्रे आमच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायच्या आणि मी फिजिक्स. नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं. मी नागपूरची, नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमागे लखनौला आलेली. त्या मिरजेच्या, आणि कुणाच्याच मागे न आलेल्या. तरुणपणी एकट्या नोकरीला आल्या आणि इथेच राहिल्या. लग्न का नाही केलं, असं मंडळातल्या एका काकूंनी एकदा विचारलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "तुम्ही का केलंत ते आधी सांगा." त्यानंतर कुणी तो विषय काढला नाही.

दिसायला ठेंगण्या, सावळ्या, केस आखूड कापलेले. सुती साडी आणि खाली कॅनव्हासचे बूट. खांद्याला एक झोळी, तिच्यात हातोडी, भिंग, सौम्य ॲसिडची एक ड्रॉपरवाली बाटली, शेंगदाणे आणि गूळ. येताना त्याच झोळीत मेथीची जुडी पण यायची. मी म्हटलं, "बाई, ॲसिडशेजारी मेथी?" तर म्हणाल्या, "बाटलीला बूच आहे गं. तुझ्या तोंडाला नाही." माझ्याशी त्या अशाच बोलायच्या. मला सुमे म्हणायच्या, आणि मला ते आवडायचं.

एकदा अमीनाबादच्या बाजारात माझ्याबरोबर आल्या. मला दगडी पोळपाट घ्यायचा होता. दुकानदार म्हणाला, "असली संगमरमर है, मैडम." बाई म्हणाल्या, "किसने देखा है?" त्याला वाटलं, नेहमीचं गिऱ्हाईक, भाव पाडायला बोलतंय. तो शपथा घ्यायला लागला. बाईंनी झोळीतून बाटली काढली आणि पोळपाटावर मधोमध एक थेंब टाकला. फसफस झाली. "हाँ, संगमरमर है," बाई म्हणाल्या. दुकानदाराने कपाळाला हात लावला, कारण त्याच्या गुळगुळीत मालावर आता एक खरखरीत ठिपका पडला होता. "सच बोल रहे थे तो रोते क्यों हो? बाँध दो, हम यही लेंगे." तो पोळपाट माझ्याकडे अजून आहे.

"किसने देखा है" हे त्यांचं पालुपदच होतं. भेंडी ताजी आहे म्हणणाऱ्या सब्जीवाल्या भैयाला, वर्गात हजेरी पूर्ण आहे म्हणणाऱ्या प्रिन्सिपॉलना, आमचं घराणं पेशव्यांच्या दरबारचं म्हणणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षांना, सगळ्यांना तेच. लोक वैतागायचे. आणि गंमत बघा, ज्या गोष्टीपायी बाईंनी आयुष्य घालवलं ती गोष्ट घडताना पाहायला कुणी म्हणजे कुणीच हजर नव्हतं.

बाईंचा विषय होता चंद्राचं कवच. मला त्यांनी तो स्टाफरूममध्ये सांगितला, मे महिन्यात, बिजली गुल झालेली असताना, उत्तरपत्रिकेने वारा घेत. "चंद्र जन्मला तेव्हा तो वितळलेल्या दगडाचा समुद्र होता. शेकडो किलोमीटर खोल. मग तो निवायला लागला. निवताना खडे तयार होतात ना, त्यातले जड खडे तळाला बुडाले. हलके, पांढरे खडे वर तरंगले आणि एकमेकांना धरून त्यांचा थर झाला. आपल्याला पांढराशुभ्र दिसतो ना, तो भाग म्हणजे तोच थर. काळे डाग नंतरचे, आतून लाव्हा येऊन पसरला त्याचे."

"मग?" मी म्हटलं.

"मग काय, फिजिक्सची ना तू? झाकण बसल्यावर काय होतं?"

"आत गरम राहतं."

"तेच. झाकण नव्हतं तोवर भराभर निवला. झाकण बसलं आणि उरलेला समुद्र त्याच्याखाली कोंडला. तो निवायला मग कोट्यवधी वर्षं गेली."

याच्यावर बाईंचा एक निबंध परदेशी छापून आलेला होता, तरुणपणी. त्यांनी मांडलं होतं की हे झाकण एकदा बसलं ते अखंड राहिलं, आणि म्हणून चंद्र इतका सावकाश निवला. बाईंचं जे काही नाव होतं ते या एका निबंधामुळे. त्या त्याबद्दल बढाई मारायच्या नाहीत, पण कुणी त्याला बोट लावलं तर खपवून घ्यायच्या नाहीत.

विभागप्रमुख त्रिपाठीजींना हा सगळा पोरखेळ वाटायचा. माणूस वाईट नव्हता. पान खायचा, सगळ्यांशी गोड बोलायचा, आणि सिमेंट कारखान्यांना चुनखडीचे नमुने तपासून द्यायचा. तो नेहमी म्हणायचा, "गद्रे मैडम, आपके पास चाँद का एक कंकड़ तक नहीं है. फिर काहे की रिसर्च?" बाईंकडे तामिळनाडूतून आणलेला तसल्याच पांढऱ्या दगडाचा एक गोळा होता, त्यावर त्यांचं काम चालायचं. त्या म्हणायच्या, "जिनके पास कंकड़ है त्रिपाठीजी, वो भी उस दिन वहाँ नहीं थे. हिसाब उनको भी करना पड़ता है, हमको भी." आणि आपल्या खोलीत निघून जायच्या. आपल्यासारख्यांनी मोठे प्रश्न विचारायचे नाहीत, आपण आपली चुनखडी मोजावी, ही जी आपल्या लोकांची समजूत आहे ना, तिचा बाईंना मनस्वी तिटकारा होता. मलाही आहे.

आता निकहत. ही त्यांची एमेस्सीची विद्यार्थिनी. चौकात तिच्या अब्बांचं दुधाचं दुकान होतं, तिथली रबडी घ्यायला लांबून लोक यायचे. पोरगी हुशार, पण बोलायची ती जमिनीशी. मोठ्यांच्या समोर मान खाली, आवाज खाली, "जी मैडम" आणि "जी सर". तिच्या घरी तसंच वळण होतं आणि त्या शहरातही. मोठ्याचं बोलणं खोडायचं नाही, चुकत असला तरी नाही. बाई तिच्या अंगावर ओरडायच्या, "तुम्हारा जवाब सही है, फिर माफ़ी किस बात की माँग रही हो?" ती म्हणायची, "जी मैडम, माफ़ कीजिए."

एका वर्षी बाईंनी तिला मंडळाच्या कोजागिरीला आणलं. आमची कोजागिरी एका बँकवाल्यांच्या गच्चीवर व्हायची. सरोजिनी नगरहून हवाई दलातली मराठी कुटुंबं स्कूटरवरून यायची. दूध आटवायचं, गाणी म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिस असतं म्हणून लवकर पांगायचं. पोरंटोरं मराठीत विचारलेलं सगळं हिंदीत परतवायची. दरवर्षी कुणीतरी बाईंना म्हणायचं, चंद्राबद्दल दोन शब्द सांगा, आणि दोन शब्दांत भागवणं काही बाईंना जमायचं नाही.

त्या वर्षी त्यांनी पोरांना दुधाच्या पातेल्याभोवती बसवलं. "देखो, मलाई जम गई. ऊपर से लगता है ठंडा है. नीचे अभी खौल रहा है. चाँद भी ऐसा ही था." पातेल्याशी आमच्या कुलकर्णीकाकू डाव घेऊन बसल्या होत्या. दूध काही लवकर आटेना. निकहत बराच वेळ चुळबूळ करत होती. शेवटी न राहवून म्हणाली, "आंटी, मलाई तोड़ती रहिए, नहीं तो सुबह हो जाएगी," आणि डाव हातात घेऊन तिने सफाईने सगळी साय पातेल्याच्या कडेला सारली. भसकन वाफ आली. पुन्हा साय धरली, पुन्हा सारली. दुकानात पाहून पाहून हात बसलेला. तिसऱ्यांदा सारताना ती थांबली.

"मैडम," ती म्हणाली, पातेल्याकडेच बघत, "चाँद की मलाई किसी ने नहीं तोड़ी?"

"वहाँ कौन तोड़ेगा?"

"वो पत्थर, जो ऊपर से गिरते थे. आप ही ने पढ़ाया था, शुरू में बहुत गिरते थे. बड़े-बड़े. वो छेद नहीं करते होंगे?"

लोक गाणी म्हणायला लागले, बाईंच्या हातातलं दूध तसंच राहिलं.

परत जाताना आम्ही एकाच रिक्षात होतो. बाई म्हणाल्या, "सुमे, पोरीने माझं झाकण फोडलं गं."

"म्हणजे तुमचा निबंध चुकला?"

"चुकला असं कोण म्हणतंय? फुटलं असेल, लगेच पुन्हा धरलं असेल. किती फुटलं, किती वेळ उघडं राहिलं, हिशोब केल्याशिवाय कळणार नाही. पण मला हा प्रश्न सुचला नाही, हे खरं." मग एकदम रागावून म्हणाल्या, "ऐक. मी पुढच्या वर्षी रिटायर होतेय. त्याच्या आत संशोधन समितीने हा विषय तिच्या नावावर पास केला पाहिजे. नाही तर त्रिपाठी तिला पीएचडीला चुनखडी देईल, ती 'जी सर' म्हणेल, आणि हा प्रश्न मेला."

मी म्हटलं, "आणि पास झाला, आणि ती बरोबर निघाली तर?"

"तर निघेल," बाई म्हणाल्या. त्यांना ते आवडलेलं नव्हतं, हे मला अंधारातही कळलं.

समितीत तिघे होते: प्रिन्सिपॉल, त्रिपाठीजी आणि बाहेरगावचे एक वयस्क प्रोफेसर. बाईंनी ठरवलं, त्यांच्यापुढे दोन कढया दूध ठेवायचं. एकीची साय तशीच राहू द्यायची, दुसरीची मोडत राहायची, आणि दोन्हीत थर्मामीटर. मी कडाडून विरोध केला. म्हटलं, बाई, दूध निवतं ते मुख्यतः वाफेने, चंद्रावर तसं नाही, लोक हसतील. बाई म्हणाल्या, "मला माहितीये. मला त्यांना उत्तर दाखवायचं नाहीये, प्रश्न दाखवायचाय. तू थर्मामीटर दे आणि गप्प राहा." मी थर्मामीटर दिले. गप्प मात्र राहिले नाही.

निकहतचे अब्बा स्वतः कढया आणि दूध घेऊन चौकातून रिक्षाने आले. कडक इस्त्रीचा कुर्ता, डोळ्यांत सुरमा. मुलीचा मोठा दिवस म्हणून दुकानातलं सगळ्यात चांगलं दूध आणलं होतं. प्रयोगशाळेच्या शेगड्यांवर दूध तापलं, खाली उतरवलं, थर्मामीटर लागले. निकहतने दुसऱ्या कढईची साय एकदा मोडून दाखवली आणि पुढची मोडायचं काम माझ्यावर टाकून फळ्यापाशी गेली. बोलायला लागली ते जमिनीशीच. त्रिपाठीजी जांभया देत होते. आम्ही सगळे फळ्याकडे बघत होतो, अब्बा भिंतीशी अदबीने उभे होते.

आणि त्यांच्यासमोर ती पहिली कढई. तिच्यावर साय धरत चाललेली, जाड, पिवळसर, सुंदर. ज्या माणसाने जन्मभर दुधापाशी उभं राहून साय धरली की सारायची एवढंच केलं, त्याला ती तशी वाया जाताना बघवणार कशी? अब्बांनी हळूच पुढे होऊन दुकानातून आणलेल्या उलथन्याने ती कडेला सारली. मग पुन्हा धरली, पुन्हा सारली. कुणाचं लक्ष नव्हतं, त्यांचं स्वतःचंही नव्हतं.

थर्मामीटर वाचायची वेळ झाली तेव्हा दोन्ही कढया सारख्याच निवलेल्या. निकहतला कळेना. मग सगळ्यांचं लक्ष अब्बांच्या हातातल्या उलथन्याकडे गेलं. त्यांनी स्वतःही त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "या अल्लाह. हाथ चल गया."

त्रिपाठीजी पोट धरून हसले. "मैडम, आपका चाँद तो रबड़ी हो गया." प्रिन्सिपॉल कागद गोळा करायला लागले. निकहतच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तर त्रिपाठीच्या डोक्यावर कढई ओतावीशी वाटत होती.

बाई उठल्या आणि जाऊन दारात उभ्या राहिल्या. कडी लावली नाही, नुसत्या उभ्या राहिल्या. "बैठिए. दूध फिर गरम होगा."

"मैडम, टाइम नहीं है," प्रिन्सिपॉल म्हणाले.

"चाँद को करोड़ों साल लगे. आप एक घंटा बैठ लीजिए."

"ये तो ज़बरदस्ती है," त्रिपाठीजी म्हणाले.

"हाँ," बाई म्हणाल्या, "है."

कुणाची त्यांना बाजूला सारायची हिंमत झाली नाही. सगळे बसले. बाईंनी अब्बांना दुसऱ्या कढईपाशी नेऊन उभं केलं. "आप इस पर आइए. जितनी मलाई तोड़नी है, यहाँ तोड़िए." आणि निकहतला म्हणाल्या, "अब फिर से बोलो. ज़मीन को सब मालूम है. इनको बताओ."

दुसऱ्या खेपेला अब्बांनी असा हात चालवला की दोन्ही कढयांतला फरक थर्मामीटरशिवायही कळावा. मोडलेली निवून बसली, न मोडलेलीला हात लावला तर चटका. बाहेरचे प्रोफेसर खुर्चीतून उठून जवळ आले. त्यांनी माझाच आक्षेप घेतला, "दूध तो भाप से ठंडा होता है, बेटी. चाँद पर?"

निकहतने एकदा बाईंकडे पाहिलं. बाईंनी तोंड फिरवून घेतलं.

"सर, वही निकालना है," ती म्हणाली. "छेद कितने बड़े थे, कितनी जल्दी भर जाते थे, हर छेद से कितनी गर्मी गई. मेरे पास अभी जवाब नहीं है. सवाल है."

प्रोफेसरांनी मान डोलावली. त्रिपाठीजींनी शेवटचा बाण काढला. "मैडम, लड़की सही निकली तो आपका अपना पेपर गया."

"तो जाएगा," बाई म्हणाल्या.

विषय पास झाला. पहिल्या कढईतलं दूध अब्बांनी साखर घालून सगळ्यांना पाजलं, त्रिपाठीजींनी दोनदा घेतलं.

बाई रिटायर झाल्या आणि नियमाप्रमाणे गाइड म्हणून त्रिपाठीजींचं नाव लागलं. खरं काम चालायचं बाईंच्या डालीगंजच्या दोन खोल्यांत, दर रविवारी. उष्णतेची गणितं कम्प्युटरवर बसवताना निकहत माझ्याकडेही यायची, पण भांडायला जायची बाईंकडे. मी जिन्यात असतानाच आवाज ऐकू यायचा. बाई आपलं झाकण दातओठ खाऊन लढवायच्या. छेद झाला की लगेच त्यावर कवच धरणार, धरलं की गळती बंद. निकहत आकडे पुढे करायची. बाईंनी तिला विषय मिळवून दिला होता, जिंकू देईन असं कबूल केलं नव्हतं. तिथे, त्या दोन खोल्यांत, ही पोरगी बाईंना तोंडावर "नहीं मैडम" म्हणायला शिकली. बाहेर पडली की पुन्हा "जी सर".

तीनेक वर्षांनी थीसिस पुरी झाली. निकहतचं उत्तर स्पष्ट होतं: तिच्या हिशोबाने झाकण अखंड राहिलेलं नव्हतं, सतत फुटत होतं, आणि चंद्र बाई म्हणत होत्या त्यापेक्षा पुष्कळ लवकर निवला होता. बाईंनी बाइंडिंग झालेली प्रत हातात घेतली, शेवटचं प्रकरण उघडलं, आणि त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं यांना बरं वाटत नाहीये.

"हे वाच," त्या म्हणाल्या.

सगळे आकडे जागच्या जागी होते. फक्त निष्कर्षात लिहिलं होतं की प्रस्तुत काम आदरणीय डॉ. गद्रे यांच्या मताला पूरक असून दोन्ही मतं आपापल्या जागी योग्य आहेत. त्रिपाठीजींनी सांगितलं होतं, बड़ों का लिहाज़ रखना चाहिए. आणि तिने ठेवला. लखनौच्या मुलीकडून दुसरं काय होणार?

मी म्हटलं, "बाई, तुमचा मानच राखलाय ना तिने."

"मान?" बाई ताडकन म्हणाल्या. "झाकण एक तर फुटलं, नाही तर फुटलं नाही. दोन्ही कसं बरोबर असेल? माझी काय कीव करतेय ती? तीन वर्षं माझ्याशी भांडून जे मिळवलं, ते एका वाक्यात माझ्या पायावर वाहून टाकलंन. उद्या जगात कुणी हे वाचलं तर त्याला कळणारसुद्धा नाही की हिने काही शोधलंय." मी त्यांना इतकं दुखावलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"मग सांगा तिला, बदल म्हणून."

"मी सांगितलं तर काय करेल? 'जी मैडम' म्हणून बदलेल. ते पण लिहाज़च. मला नकोय."

व्हायव्हाच्या दिवशी हॉल भरला होता. अब्बा पहिल्या रांगेत, बाई आणि मी मागे. निकहतने छान मांडलं. बाहेरून आलेले परीक्षक खूश होते, जेवणाची वेळ झाली होती. त्रिपाठीजींनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "और किसी का कोई सवाल?" आणि बाई उठल्या. सगळ्यांना वाटलं, आता आशीर्वाद देणार. लोक हसऱ्या चेहऱ्याने मागे वळले.

"मेरा सवाल है," बाई म्हणाल्या. "इन्होंने लिखा है कि ढक्कन टूटता रहा. फिर लिखा है कि मेरा पेपर भी सही है, जिसमें ढक्कन साबुत है. मैं कहती हूँ साबुत था. छेद होता था, भर जाता था. इनके सारे हिसाब में छेद ज़रूरत से ज़्यादा देर खुला रखा गया है. ये थीसिस कमज़ोर है."

निकहत पांढरीफटक पडली. मला बाईंचा असा संताप आला की सांगता सोय नाही. भर सभेत, पोरीच्या बापासमोर. मी त्यांचा पदर ओढला, त्यांनी हात झटकला.

त्रिपाठीजी घाईने म्हणाले, "मैडम बड़ी हैं, उनकी बात का सम्मान करते हुए हम..."

"सम्मान बाद में," बाई म्हणाल्या. "जवाब."

निकहतने मान खाली घातली. मला वाटलं, संपलं. मग ती म्हणाली, "मैडम, छेद भरता था, लेकिन टूटा हुआ मलबा भरता था, और भरने से पहले दूसरा छेद हो जाता था. तीसरे अध्याय में है."

"मैंने पढ़ा है. मैं नहीं मानती."

"आपने रविवार को भी यही कहा था. मैंने आपके कहने पर छेद आधे समय में बंद करके देखा. तब भी नतीजा नहीं बदला."

"मैं नहीं मानती."

निकहतने मान वर केली. बाईंच्या डोळ्यांत बघून, सबंध हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "मत मानिए, मैडम. चाँद आपके मानने से ठंडा नहीं हुआ था. ढक्कन साबुत नहीं था. आप ग़लत हैं."

अब्बांनी दोन्ही कानांना हात लावले. त्रिपाठीजींना कुठे बघावं कळेना. बाई अगदी शांतपणे परीक्षकांना म्हणाल्या, "ये जो अभी बोली, ये थीसिस में नहीं लिखा है. लिखवा लीजिए. और वो सम्मानवाला वाक्य काट दीजिए." आणि खाली बसल्या. परीक्षक हसले, त्यांनी पेन काढलं, आणि निकहतकडून ते वाक्य तिथल्या तिथे लिहून घेतलं.

टाळ्या झाल्या, मिठाईचे डबे उघडले, आणि बघते तर बाई जागेवर नाहीत. मी धावत फाटकापाशी आले. त्या रिक्षात चढून बसल्या होत्या, झोळी मांडीवर. धाप लागली होती, तरी मला बोलल्याशिवाय राहवेना. म्हटलं, "बाई, सगळ्यांसमोर हरलात आज."

"हरले?" त्या म्हणाल्या. "मी मान्य कुठे केलंय? तिच्या तिसऱ्या प्रकरणात एक जागा आहे, मी बघून घेणार आहे."

त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला, मग डोळे पुसले, आणि ते लपवायची तसदी घेतली नाही.

"पण काय बोलली गं पोरगी," बाई म्हणाल्या. "मला. माझ्या तोंडावर."

मग रिक्षावाल्याला म्हणाल्या, "चलो भैया." मी उभी राहिले, वाटलं वळून हात करतील. त्या ताठ बसून समोर बघत होत्या. महिन्याभरात त्या कायमच्या मिरजेला राहायला गेल्या, आणि मला पुन्हा दिसल्या नाहीत.